आकाशातून दगड पडतात, हे शास्त्रज्ञांना कधी पटलं?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते? विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे जाताना दिसले आणि काही वेळातच उल्का, क्षेपणास्त्र, उडती तबकडी असे सगळे अंदाज व्हॉट्सॲपवर येऊन गेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं सापडलं. ते रॉकेटचा अवशेष असावं, असं जाणकारांनी सांगितलं. पण 'वरून काही पडूच शकत नाही' असं कुणी म्हटलं नाही.

अडीचशे वर्षांपूर्वी नेमकं तेच म्हटलं गेलं होतं.

१७६८ मध्ये फ्रान्समधल्या ल्युसे गावात शेतातल्या लोकांनी मोठा कडकडाट ऐकला आणि एक दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तो तपासायला दिला. तपासणाऱ्यांत लाव्हाझिए होता, म्हणजे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक! निष्कर्ष काय निघाला? दगड जमिनीतलाच आहे, त्यावर वीज पडली असावी.

लाव्हाझिएला हसण्याआधी थोडं थांबा. ग्रहांच्या मधली जागा रिकामी असते, असं तेव्हा मानलं जायचं. मग दगड येणार कुठून? शिवाय बेडकांच्या आणि रक्ताच्या पावसाच्या गोष्टीही गावोगावी सांगितल्या जात. त्याने दगड प्रामाणिकपणे तपासला, फक्त एक उत्तर आधीच यादीतून खोडलं होतं.

पुढचा धक्का दिला आपल्या बनारसने. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ दगड पडले. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने ते युरोपात पडलेल्या दगडांसोबत तपासले आणि १८०२ मध्ये निष्कर्ष मांडले. हजारो किलोमीटर अंतरावर पडलेले दगड, पण घडण सारखी आणि सगळ्यांतल्या लोखंडात निकेल.

मग २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या परिसरात भरदिवसा सुमारे तीन हजार दगड कोसळले. सरकारने झां-बातिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला पाठवलं. त्याचं काम एखाद्या चांगल्या बातमीदारासारखं होतं. तो दूरच्या गावांपासून विचारत आला. आवाज कुठे ऐकू आला, गोळा कोणत्या दिशेला दिसला? वेगवेगळ्या थरांतले, एकमेकांशी संबंध नसलेले लोक तेच सांगत होते. त्या भागात असे दगड आधी मिळाले होते का, हेही त्याने तपासलं. नव्हते. त्याच्या अहवालानंतर विरोध जवळपास मावळला.

गंमत म्हणजे, हे दगड चंद्रावरच्या ज्वालामुखीतून येत असावेत, ही कल्पना तेव्हा बियोसह अनेकांना पटत होती. ती मात्र साफ चुकली.

आणि आपलं लोणार? ज्वालामुखीच्या खडकात असल्यामुळे ते विवरही ज्वालामुखीचंच, असं अनेक जण मानत. १९७० च्या दशकात तिथे खोलवर छिद्रं घेऊन नमुने काढले, तेव्हा प्रचंड आघातानेच तयार होणाऱ्या काचेच्या खुणा त्यांत सापडल्या.