शटरचा रिमोट चालत नसेल तर...

पारनेर तालुक्यातील अनेक कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई-पुण्यात राहतात. गावाकडचे घर यात्रा, दिवाळी किंवा लग्नसराईपुरतेच उघडते. अशा घराच्या पार्किंगला मोटारीवर चालणारे शटर असेल, तर कित्येक महिने कपाटात पडलेला रिमोट ऐन वेळी दगा देतो. रात्री रुग्णाला अहिल्यानगरला न्यायचे असेल आणि गाडी शटरआड अडकली असेल, तर ही गैरसोय किरकोळ राहत नाही.

सर्वप्रथम भिंतीवरील बटण दाबून पाहावे. त्याने शटर हलले, तर मोटार व वीजपुरवठा ठीक असून दोष रिमोटमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये आहे, असे समजावे. त्यानेही हलले नाही, तर रिमोट खोलण्यात अर्थ नाही. आधी वीज व एमसीबी तपासावा. शटर लागोपाठ वर-खाली केल्यास मोटार तापते आणि आतील संरक्षक स्विच ती बंद पाडतो. थंड झाल्यावर ती पुन्हा चालते. मेकॅनिक दारात पोहोचेपर्यंत ‘बिघाड’ नाहीसा झालेला असतो, तो यामुळेच.

रिमोटवरील दिवा लागतो म्हणजे सेल चांगला आहे, हा समज फसवा आहे. उतरलेल्या सेलवर दिवा लागतो, परंतु संदेश दूरवर पोहोचत नाही. अगदी जवळ गेल्यावरच शटर उघडत असेल, तर सेल बदलावा. 12 व्होल्टचे 23ए व 27ए हे सेल दिसायला सारखे असले तरी 27ए बारीक असतो. चुकीचा बसविल्यास तो सैल राहतो. घर दीर्घकाळ बंद ठेवताना सेल काढून ठेवणे उत्तम.

नव्या सेलनेही पल्ला वाढला नाही, तर रिसीव्हरची ॲण्टेना पाहावी. यातील बरेच रिमोट 433.92 मेगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरीसाठी सुमारे 17 सेंटिमीटरची साधी तार ॲण्टेना म्हणून पुरते. तिला निरुपयोगी वायर समजून कापले जाते, किंवा उंदीर ती कुरतडतात.

आसपासच्या उपकरणांचा रेडिओ गोंगाटही आड येतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला (जीएमआरटी) याच गोंगाटापासून जपावे लागते. अमेरिकेत 2006 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे हवाई दलाच्या नव्या रेडिओ यंत्रणेची चाचणी सुरू होताच परिसरातील गॅरेजच्या दारांचे रिमोट निकामी झाले होते. घरगुती पातळीवर मात्र संशयित बहुधा मोटारीजवळचा हलक्या प्रतीचा एलईडी दिवा असतो. तो बंद करून रिमोट चालतो का, ते पाहावे.

शटर उघडते पण बंद होत नाही, अशी तक्रार असेल आणि खाली दोन्ही बाजूंना सेन्सर बसविलेले असतील, तर त्यांवरील धूळ किंवा कोळ्याचे जाळे पुसावे. सेन्सरची जोडणी काढून शटर चालविण्याची ‘युक्ती’ कदापि करू नये; लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत 1993 पासून घरगुती दारांच्या यंत्रांना माणूस अडकू न देणारी व्यवस्था सक्तीची आहे.

रिमोट हरवल्यास केवळ नवा घेऊन भागत नाही. रिसीव्हरच्या स्मृतीतील जुनी नोंद पुसून उरलेले सर्व रिमोट पुन्हा जोडून घ्यावेत. कायम एकच संकेत पाठविणाऱ्या जुन्या रिमोटची नक्कल सहज होते; प्रत्येक वेळी संकेत बदलणारा ‘रोलिंग कोड’ रिमोट त्यामानाने सुरक्षित आहे. घर महिनोन्‌महिने बंद असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

वीज नसताना शटर साखळीने किंवा हॅण्डलने उघडता येते. त्याआधी एमसीबी बंद करावा, अन्यथा वीज परत येताच मोटार अचानक फिरू शकते. बाजूला लावलेल्या मोटारीची साखळी बहुतेक घरांत वर गुंडाळून ठेवलेली असते. ती कोठे आहे, हे घरातील ज्येष्ठांनाही दाखवून ठेवावे.