अंडे वळवणारा हात

ऑक्टोबर २०२४ मध्ये राजस्थानातील जैसलमेरच्या संवर्धन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे एक पिल्लू जन्माला आले. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती रेतनाची, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु या कार्यक्रमाचा पाया पाच वर्षे आधी, २०१९ मध्ये, घातला गेला होता. माळावरची अंडी उचलून आणून ती यंत्रात उबवण्याचे काम तेव्हा सुरू झाले. माळढोकाची मादी एका खेपेस बहुधा एकच अंडे घालते. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले असावेत असा अंदाज आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाने या पक्ष्याचे चांगले दिवस पाहिले आहेत, त्यामुळे या आकड्याची बोच मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

अशा अंड्याला ऊब देणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे ते वेळोवेळी वळवणे. खुडूक बसलेली कोंबडी हे काम चोचीने आणि पायांनी दिवसरात्र करीत असते. माणसाला मात्र ते यंत्राकडून करवून घेण्यासाठी दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

वळवण्याची गरज मुळात घनतेच्या फरकातून निर्माण होते. अंड्यातील पिवळा बलक पांढऱ्या बलकापेक्षा हलका असतो, आणि त्याची भ्रूण असलेली बाजू सर्वांत हलकी. त्यामुळे अंडे कसेही ठेवले तरी भ्रूण वर येतो. अंडे दिवसेंदिवस तसेच पडून राहिले, तर भ्रूण वर सरकून कवचाच्या आतील पडद्याला चिकटण्याचा धोका असतो. शिवाय रक्तवाहिन्यांचे जाळे नीट पसरत नाही आणि पुढे पांढऱ्या बलकाचे पोषण भ्रूणाला पुरेसे मिळत नाही. अशी अंडी बाहेरून निर्दोष दिसतात. पिल्लू मात्र आतच मरते.

ईजिप्तमधील उबवणीच्या भट्ट्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण व्यवहार पुरता ठाऊक होता. तिथे अंडी कोंबडीशिवाय उबवली जातात, अशी नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढील काळात कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मध्ये अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना कोठड्या, आणि शेण व काडाचा मंद विस्तव. भट्टीवाला अंडे पापणीला लावून उष्णता जोखत असे आणि हजारो अंडी हातांनी वळवीत असे. हे ज्ञान घराण्यात राही. बाहेरच्याला ते सहजासहजी मिळत नसे.

युरोपाने या कामातील उष्णतेचा भाग आधी सोडवला. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल याने पाऱ्याच्या साहाय्याने चालणारे तापनियंत्रण उबवणीच्या पेटीसाठी योजले. स्वयंचलित नियंत्रणाच्या इतिहासातील हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. फ्रान्समध्ये रेओम्यूर याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पापणीच्या जागी तापमापक आणला. १८८१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअरसन याने द्रव भरलेल्या धातूच्या डबीचा नियंत्रक बनवला. ठरलेल्या तापमानाला आतील द्रव उकळे, डबी फुगे आणि दिव्याची उष्णता आपोआप कमी होई. १९१८ मध्ये सॅम्युएल स्मिथ याला अमेरिकेत वाहत्या हवेच्या उबवणी यंत्राचे पेटंट मिळाले, आणि एकाच खोलीत हजारो अंडी उबवणे शक्य झाले. अंडी अशी थरांवर थर रचली गेल्यावर एकेक अंडे हाताने फिरवणे अशक्य होते. म्हणून अख्खी तबकेच दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांनी कलवण्याची पद्धत रूढ झाली.

वळवणे नेमके केव्हा आवश्यक असते, याचे महत्त्वाचे उत्तर १९५७ मध्ये डी. ए. टी. न्यू यांच्या प्रयोगांतून मिळाले. २१ दिवसांच्या उबवणीतील चौथ्या ते सातव्या दिवसांत अंडी वळवली, तर बराचसा लाभ तेवढ्यातच पदरात पडतो. याच काळात हयगय झाली तर ती नंतर भरून निघत नाही.

भारतात कुक्कुटपालनाचा विस्तार १९७० नंतर वेगाने झाला. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि मोठ्या उबवणी केंद्रांतून दर तासाला तबके कलवणारी यंत्रे आली. परंतु या विस्ताराची दुसरी बाजू परसात होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील होती, आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली होती. परसातल्या माणसाला तासातासाला तबक कलवणारे महाग यंत्र परवडत नाही. त्याच्याकडे असते थर्माकोलची पेटी, एक बल्ब, जुन्या संगणकाचा पंखा, पाण्याची वाटी आणि बाजारात स्वस्तात मिळणारा तापनियंत्रक. ३७.५ अंश सेल्सिअस एवढ्या साहित्यात साधता येते. अडचण येते ती अंडी वळवण्याची. हाताने वळवायचे तर किमान तीनदा, रात्र धरून, आणि विषम संख्येने. म्हणजे रात्रीच्या लांब विश्रांतीला रोज वेगळी बाजू वर येते.

या अडचणीवर कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे कूलरच्या हलत्या झडपांची छोटी मोटर. ती सिंक्रोनस जातीची असते; तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून भारताची वीज एकाच वारंवारतेने, ५० हर्ट्झच्या आसपास, चालते. मिनिटाला ५ फेरे घेणारी मोटर म्हणूनच केरळात आणि काश्मिरात सारख्याच गतीने फिरते. ती कधी उजवीकडे तर कधी डावीकडे सुरू होते, पण भुजेला खिळवलेला दांडा पुढेमागेच सरकत असल्याने त्याची फिकीर नसते.

दांडा एक चौकट ढकलतो आणि चौकटीतील आडवी अंडी खालच्या खरखरीत जाळीवर लोळतात. कोंबडीच्या अंड्याची जाडी सुमारे ४.२ सेंटिमीटर. अर्धा फेरा घेण्यासाठी त्याने ६.६ सेंटिमीटर लोळायला हवे. म्हणून भुजेची लांबी त्याच्या निम्मी, ३.३ सेंटिमीटर. चौकट दुप्पट सरकवली तर अंडे पूर्ण फेरा घेऊन मूळच्याच बाजूवर येते आणि सारे श्रम वाया जातात.

याहून फसवी चूक वेळेची असते. मोटर दोन तासांनी ६ सेकंद चालवली, की भुजा अर्धा फेरा घेते आणि चौकट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. पण टायमर प्रत्येक वेळी थोडा कमी किंवा अधिक चालला, तर फरक साचत जातो. काही दिवसांत भुजा अशा जागी पोहोचते, की चौकट मध्यापासून निघते, टोकाला जाते आणि त्याच ६ सेकंदांत मध्यावर परत येते. मोटर घरघरते, अंडी हलताना दिसतात, आणि प्रत्यक्षात एकही अंडे वळलेले नसते. हे चौथ्या ते सातव्या दिवसांत घडले, तर एकविसाव्या दिवशी पेटीत पिल्लांचा आवाज कमी येतो आणि दोष बहुधा अंड्यांना किंवा कोंबड्याला दिला जातो. उपाय मात्र साधा आहे. मोटर वेळेवर नव्हे, तर चौकट टोकाला टेकल्यावर खटक्याने बंद व्हायला हवी. टायमरचे काम फक्त सुरू करण्याचे. पडताळणी त्याहून साधी: अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी आणि दुपारी झाकण न उघडता काचेतून डोकावले की कोणती खूण वर आहे ते कळते.

माळढोकाच्या केंद्रातील यंत्र अर्थातच याहून कितीतरी अचूक असते आणि त्याच्या अंड्याचे वेळापत्रकही वेगळे. पण मागणी तीच असते. यंत्र हलले की नाही यापेक्षा अंडे वळले की नाही, हे कोणीतरी पाहावे लागते. एकच अंडे असलेल्या ठिकाणी तर ते डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

कोंबडीच्या अंड्यांबाबत अठराव्या दिवशी मोटर बंद केली जाते. तोवर पिल्लाची वाढ जवळजवळ पूर्ण झालेली असते आणि ते चोच वायुकोषाकडे नेण्याच्या तयारीत असते. शेवटचे तीन दिवस पेटीत पाणी वाढवायचे, झाकण उघडायचे नाही आणि हात मागे ठेवायचे. इथून पुढचे वळण पिल्लू स्वतःच घेते.