थेट पीएचडी : पवईहून बर्कलीला गेलेली वाट

मागे जी फडफड ऐकू येतेय ना, तो वारा आहे. आजचा भाग घरातल्या कपाटाशेजारी बसून नाही, तर लवासात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, गाडीत बसून रेकॉर्ड करतोय. शेजारी माझा मावसभाऊ आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय, पण हा भाग त्याच्याच प्रश्नामुळे होतोय. येताना घाटात त्याने विचारलं, "दादा, बी.टेक. झालं की लगेच पीएचडीला अ‍ॅप्लाय केलं तर तो वेडेपणा आहे का?"

घरात यावरून दोन महिने चर्चा चालू आहे. मावशी म्हणते, आधी एमएस कर, मग बघ. काकांनी बँकेत चौकशी करून ठेवलीय. एमएसचं लोन घ्यायचं तर राहता फ्लॅट तारण ठेवावा लागेल. कॉलेजातले सिनिअर म्हणतात, थेट पीएचडी म्हणजे टॉपर लोकांचं काम. आणि मी नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर, पीएचडी केलेली नाही, त्यामुळे सल्ला देण्याचा मला काही अधिकार नाही. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच भागातून जातो. तो सांगतो.

सुरुवात इथूनच करू. माझ्यासमोर पिवळ्या-केशरी इमारतींची रांग आहे, इटलीतल्या पोर्तोफिनो गावाच्या धर्तीवर बांधलेली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने हे शहर उभारायला घेतलं तेव्हा त्या स्वप्नात हॉटेलांइतकीच विद्यापीठंही होती. ऑक्सफर्डच्या सैद बिझनेस स्कूलचं केंद्र इथे होणार, अशी घोषणाही झाली होती. ते झालं नाही. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ख्राईस्ट विद्यापीठाचा कॅम्पस मात्र इथे चालू आहे. मघाशी चहा घेताना तिथली डेटा सायन्सची पोरं भेटली आणि त्यांच्यातही हाच विषय चालला होता, पुढे काय?

परदेशी विद्यापीठ आपल्या दारात येणं किती अवघड असतं ते लवासात बसून कळतं. आपण त्याच्या दारात जाणं, ही वाट मात्र जुनी आहे.

पुण्याहून येताना पिरंगुटच्या पुढे रस्ता फुटतो. एक फाटा मुठा खोऱ्यातून टेमघरजवळून इकडे लवासाला येतो. दुसरा पौडवरून मुळशी धरणाकडे जातो. मुळशी म्हटलं की सेनापती बापट आठवतात. टाटांच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे ते नेते. पण त्याआधीचे बापट किती जणांना माहीत आहेत? पारनेरचा मुलगा, डेक्कन कॉलेजचा विद्यार्थी, आणि मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये इंजिनिअरिंग शिकायला एडिनबराला गेलेला तरुण. म्हणजे आजच्या भाषेत ग्रॅज्युएशननंतर फुल फंडिंगवर परदेशी! तिथे त्यांनी ब्रिटिश राज्याविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिस, बॉम्बचं तंत्र, तुरुंग, मुळशी, ती सगळी वेगळी गोष्ट आहे.

आपल्याला त्यातला एक मुद्दा हवाय. तेव्हा परदेशी शिक्षण म्हणजे कुणीतरी दिलेली देणगी असायची. देणारा हात काढून घेऊ शकायचा. ज्याला देणगी मिळाली नाही त्याने घर, शेत, दागिने यांच्याकडे बघायचं. काका आज फ्लॅटकडे बघतायत, ते त्याच जुन्या सवयीने.

पीएचडीचं गणित वेगळं कसं झालं? इथे आपल्याला जरा अमेरिकेत जावं लागेल. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला, विद्यापीठांतल्या संशोधनाकडे सरकारी पैसा वाहू लागला. संशोधन करायला हात लागतात. ते हात म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी. त्यांनी ज्युनिअरना शिकवायचं, पेपर तपासायचे, प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर राबायचं. त्या बदल्यात फी माफ आणि महिन्याला गुजराण होईल एवढे पैसे. ही देणगी नव्हती, कामाचा मोबदला होता.

कॉम्प्युटर सायन्स तर तेव्हा नुकतं जन्माला येत होतं. पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये अमेरिकेतला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग निघाला. या विषयातल्या अमेरिकेतल्या पहिल्या पीएचडी १९६५ च्या, आणि त्यातली एक मिळवणारी व्यक्ती होती मेरी केनेथ केलर नावाची नन! विषयच इतका नवा होता की त्यात आधी मास्टर्स करून या असं म्हणणार कुणाला? अमेरिकेतल्या पीएचडीची रचनाही सोयीची होती. पहिली एक-दोन वर्षं कोर्सेस, मग पात्रता परीक्षा, मग संशोधन. मास्टर्स त्या प्रवासातच पोटात येऊन जायचं. म्हणून बॅचलर्स केलेला मुलगा थेट आत येऊ शकत होता. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागायचं, आजही लागतं.

म्हणजे लक्षात घ्या, "थेट पीएचडी" हा हुशार मुलांसाठी उघडलेला स्पेशल दरवाजा नव्हता. तिथे तो नेहमीचाच दरवाजा होता. आपल्याकडे तो स्पेशल वाटतो, कारण आपल्याकडची शिडी वेगळी होती : बी.ई., मग एम.ई., मग जमलं तर पीएचडी.

आता त्या दरवाजातून गेलेला आपला माणूस. नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला जन्म. १९७८ मध्ये आयआयटी मुंबईतून बी.टेक. झाले, तेही इलेक्ट्रिकलमध्ये, कारण पवईत कॉम्प्युटर सायन्सचं वेगळं बी.टेक. तेव्हा सुरूच झालं नव्हतं.

त्या काळातलं अ‍ॅप्लिकेशन कसं असेल, कल्पना करा. ईमेल नाही. पत्र अमेरिकेला जायचं, उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. परदेशी चलनावर कडक बंधनं, त्यामुळे अर्जाची फी डॉलरमध्ये भरणं हाच एक प्रोजेक्ट. पण अर्जाचा गाभा तेव्हाही आजच्यासारखाच होता : गुणपत्रिका, तुम्हाला काय करायचंय ते सांगणारं निवेदन, आणि ओळखीच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं.

करमरकर आधी कॅल्टेकला गेले. १९७९ मध्ये तिथे मास्टर्स. मग संस्था बदलून बर्कली, आणि १९८३ मध्ये कॉम्प्युटर सायन्सची पीएचडी. भारतात आधी एम.टेक. न करता गेले, तरी वाट अगदी सरळ रेषेत नव्हती, हे आमच्या मावशीने ऐकून ठेवावं. बर्कलीत गाइड होते रिचर्ड कार्प. कुठले प्रश्न कॉम्प्युटरलाही अवघड जातात, याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९८२ मध्ये गुरु-शिष्यांचा एकत्र पेपर आला, बिन पॅकिंगवर. म्हणजे वेगवेगळ्या आकाराचं सामान कमीत कमी खोक्यांत कसं बसवायचं. घर शिफ्ट केलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न माहीत आहे, फक्त त्यावर पेपर लिहिता येतो हे माहीत नसतं.

पीएचडीनंतर करमरकर बेल लॅब्जमध्ये गेले आणि १९८४ मध्ये तो अल्गोरिदम आला. जरा समजून घेऊ. समजा एसटीच्या एका विभागात शेकडो गाड्या आहेत, शेकडो ड्रायव्हर, हजारो फेऱ्या. डिझेल इतकंच, ड्यूटीचे तास इतकेच. कमीत कमी खर्चात वेळापत्रक लावायचं. याला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. जी जी वेळापत्रकं चालू शकतात त्यांचा मिळून एक मोठा, अनेक कोनांचा खडक होतो असं समजा. सगळ्यात चांगलं उत्तर त्या खडकाच्या एखाद्या कोपऱ्यावर असतं. जॉर्ज डान्टझिग यांनी १९४७ मध्ये काढलेली सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने, या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर चालत जाते. बहुतेक वेळा झटपट पोचते, पण काही खडक असे असतात की तिला जवळपास सगळे कोपरे पालथे घालावे लागतात. १९७९ मध्ये रशियाच्या खाचियान यांनी वेळेची हमी देणारी पद्धत काढली, पण ती प्रत्यक्षात फार संथ निघाली. करमरकर खडकाच्या पोटातून गेले. कडा सोडून आतून, दर पावलाला दिशा नव्याने ठरवत. वेळेची हमीही मिळाली आणि प्रत्यक्षात वेगही.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. करमरकर तेव्हा २८ वर्षांचे होते. माझ्याच आसपासच्या वयाचे, आणि मी परवा तीन तास एक स्वल्पविराम शोधत होतो, ते असो. पुढे एटी अँड टीने या पद्धतीवर कोरबेक्स नावाची प्रणाली विकायला काढली, किंमत ८९ लाख डॉलर! आज 'इंटिरिअर पॉइंट' नावाने या पद्धतींचं अख्खं घराणं जगभर वापरात आहे.

इथे माझा भाऊ डोळे वटारून बघतोय. म्हणजे "झालं, शेवटी जीनियसचीच गोष्ट सांगितलीस." त्याचा राग बरोबर आहे. म्हणून अजून दोन नावं.

केतन मुलमुले. तेही आयआयटी मुंबईचे इलेक्ट्रिकलचे बी.टेक. अमेरिकेत कार्नेगी मेलनला डेना स्कॉट यांच्याकडे १९८५ मध्ये पीएचडी, आणि त्या प्रबंधाला एसीएम या जागतिक संघटनेचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार. दुसरे मिलिंद सोहोनी. त्यांनी पीएचडी केली ती पवईतच, आयआयटी मुंबईत, आणि पुढे शिकवलंही तिथेच. २००१ मध्ये या दोघांचा एकत्र पेपर आला, 'जॉमेट्रिक कॉम्प्लेक्सिटी थिअरी' या मालिकेतला पहिला. पी आणि एनपी हा कॉम्प्युटर सायन्समधला सगळ्यात मोठा न सुटलेला प्रश्न भूमितीच्या वाटेने गाठायचा हा प्रयत्न. एक अमेरिकेत गेलेला, एक इथेच शिकलेला, आणि पेपरवर दोघांची नावं शेजारी शेजारी. सोहोनी पुढे महाराष्ट्रातल्या गावांच्या पाणीयोजनांवरही काम करायला लागले. मुळशीच्या पाण्याच्या गोष्टीपासून सुरू केलेल्या भागात हे सांगायलाच हवं.

मग इथलं दार आज कसं आहे? बरंच उघडलंय. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बी.टेक.वाल्यांना कॉम्प्युटर सायन्सच्या पीएचडीला थेट घेतात, आयआयटीतही ही सोय आहे. २०१८ मध्ये पंतप्रधान रिसर्च फेलोशिप आली, सुरुवातीलाच महिना ७०,००० रुपये. २०२२ च्या यूजीसी नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला परवानगी दिली. म्हणजे अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी जी नेहमीची गोष्ट होती, ती आता आपल्या नियमांतही आलीय.

तर मुद्दा काय? अर्जात सगळ्यात जास्त वजन कशाला असतं, यावर सगळं येऊन थांबतं. गुण लागतातच. पण समोरची समिती पाच-सहा वर्षांचा पैसा तुमच्यावर लावणार असते. तिला एकच गोष्ट हवी असते : ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नाही, अशा प्रश्नात हा मुलगा अडकला तेव्हा त्याने काय केलं? ते गुणपत्रिकेत दिसत नाही. ते पाहिलेल्या माणसाच्या पत्रात दिसतं.

मी शेवटच्या वर्षाला असताना एक अर्ज करून बघितला होता. शिफारसपत्र मागायला गेलो तर एका सरांनी सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी लिहिलं : मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय. आपल्याकडे अर्ध्या मुलांच्या पत्रात हेच तीन शब्द असतील. त्यात सरांची चूक होती तशी माझीही होती. मी त्यांच्यासमोर कधी कशात अडकलोच नव्हतो. लिहायला काही नव्हतंच.

भावाचं तसं नाही. तो कॉलेजातल्या एका मॅडमबरोबर वर्षभर मोडी लिपीतल्या कागदांचे फोटो कॉम्प्युटरला वाचायला शिकवतोय. सात महिने काहीच जमेना. मग कळलं की अक्षरांना दिलेली लेबलंच बरीच चुकीची होती. त्याने ती सगळी फेकली आणि मोडी वाचणाऱ्या एका आजोबांशेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून लावली. मार्क साधारण. पण मॅडम म्हणाल्या, "पत्रात मी हे सात महिने लिहीन."

त्यामुळे त्याला मी आत्ता एवढंच म्हणालो : वेडेपणा नाही. फ्लॅटला हात लावायची गरज नाही, कारण फंडिंगशिवायची पीएचडी घ्यायचीच नाही. अर्ज डिसेंबरच्या मुदतीआधी कर, टीआयएफआरची परीक्षाही दे, आणि प्लेसमेंटलाही बस. पण काकांना आणि मावशीला हेही सांग की यात पाच-सहा वर्षं जातात, व्हिसा आणि गाइड या दोन दोऱ्या दुसऱ्याच्या हातात असतात, आणि मध्येच सोडून येणारेही असतात. बापटांची शिष्यवृत्ती एका भाषणाने गेली होती. दोरी आजही आहे, फक्त आता तुझ्या कामाचीही एक दोरी तुझ्या हातात आहे.

भाऊ म्हणतोय, मावशीला हा भाग तूच ऐकव. ऐकवतो. तुमच्या घरात हीच चर्चा चालू असेल तर तुमच्या घरीही ऐकवा. भेटू पुढच्या भागात. आता काच वर करतो, पाऊस आत यायला लागलाय.