लेव्ही कुणी भरायची?

अकोला-अमरावतीच्या बाजार समित्यांत रुळलेला ‘लेव्ही’ हा शब्द मूळचा फ्रेंच; त्यामागे ‘उचलणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. पोते उचलणाऱ्याचा ‘हमाल’ अरबीतला, ओझे वाहणारा. एके काळी शेतकऱ्याला लेव्ही म्हणजे सरकारला सक्तीने घालायची ज्वारी. हमालांसाठीच्या १९६९च्या माथाडी कायद्याने लेव्हीचा भार मालकाकडे वळवला: लेव्ही मजुरीतून कापायची नाही, मजुरीवर जादा भरायची; त्यातूनच हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. हमालांच्या संघटनेची वर्गणी मात्र ऐच्छिक. ती न देणाऱ्यालाही वाढीव दर फुकट मिळतात, हा आक्षेप खराच. मग वर्गणी सक्तीची करावी का? अमेरिकेतली राज्ये याच मुद्द्यावर दुभंगली आहेत. पण सक्तीने पैसा जमतो, माणसे जमत नाहीत. म्हणून आजच्या वापरातला भेद जपायला हवा: लेव्ही व्यापाऱ्याने भरायची, वर्गणीची पावती हमालाने राजीखुशीने फाडायची.