लोणावळ्याच्या रानांतील एक प्रार्थना

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी बोरघाटाची चढण संपवून लोणावळ्यास पोंचते, तेव्हां उतारूच्या अंगास मावळचा गार वारा लागतो. हा घाटांतील लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें खुला झाला. त्यासाठीं पंचवीस बोगदे खोदावे लागले आणि साथींत व अपघातांत किती मजूर कामास आले त्याची गणती कोणी नीटशी ठेविली नाहीं. पुढें लोणावळ्यास रेल्वेची वस्ती उभी राहिली. इंजिनांच्या कारखान्यांतले गोरे कामगार आले, गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबें आलीं आणि त्यांच्यामागून प्रार्थनामंदिरेंही आलीं. उन्हाळ्यांत मुंबई तापूं लागली म्हणजे निरनिराळ्या मिशनांचीं माणसें येथें जमत, राहुट्या ठोकीत आणि कित्येक दिवस प्रार्थना व प्रवचनें चालवीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, १८९६च्या दुष्काळापूर्वी, अशा एका सभेस पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्यांच्यासमवेत शारदासदनांतील, ख्रिस्ती श्रद्धा पतकरलेल्या पंधरा मुली होत्या. एके दिवशीं पहांटे रमाबाई एकट्याच रानांत गेल्या. सूर्य वर येत होता. त्या शांत वेळीं त्यांनीं देवापाशीं एक चमत्कारिक मागणें मागितलें. पुढच्या सभेच्या आंत या पंधरा मुलींची संख्या पंधरा पटींनीं वाढावी, म्हणजे दोनशें पंचवीस व्हावी, असें तें मागणें होतें. त्या वेळीं सदनांत मुळीं इतक्या मुलीच नव्हत्या. पुढें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, अन्नावांचून तडफडणाऱ्या शेंकडों मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या, आणि केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. आपली संख्या पुरी झाली असें बाईंनीं नंतर नमूद करून ठेविलें आहे.

सुशिक्षित वाचकास या हिशेबी प्रार्थनेचें हसूं येईल, आणि दुष्काळानें भरून निघालेल्या या हिशेबाकडे पाहून कांहींसें अवघडल्यासारखेंही होईल. परंतु त्यामागें जी शिकवण होती ती समजून घेतल्यावांचून बाईंची ती घाई उमगावयाची नाहीं.

ख्रिस्ती धर्मांत फार जुना असा एक प्रश्न आहे. जगांत इतका अन्याय चालला असतां देव न्याय करण्यास उशीर कां लावितो? पेत्राच्या नांवावरील दुसऱ्या पत्रांत त्याचें उत्तर आढळतें. हा उशीर म्हणजे देवाचा विसराळूपणा किंवा दुर्बलता नव्हे, ती त्याची सहनशीलता होय. कोणाचाही नाश न व्हावा, सर्वांनीं परतावें, यासाठीं तो थांबला आहे. येशूचा अंजिराच्या झाडाचा दृष्टांत याच अर्थाचा आहे. मळ्याचा धनी तीन वर्षें फळ पाहावयास येतो, फळ नाहीं म्हणून झाड तोडावयास सांगतो. माळी म्हणतो, एवढें एक वर्ष राहूं द्या, मी आळें खणतों, खत घालतों. धनी काय म्हणाला हें गोष्टींत सांगितलेलेंच नाहीं. पण मुदत मागितली आहे ती एका वर्षाची, हें ऐकणारानें विसरतां कामा नये. राहुट्यांतील प्रवचनकारांचा सारा भर या ‘एका वर्षा’वर असे.

मग ज्यांनीं हा तारणाचा निरोप ऐकून नाकारला त्यांचें काय? येथें खुद्द मिशनऱ्यांतही एकवाक्यता नव्हती. १८३०त सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटाची सडक खुली केली, त्यानंतरच्या काळांत पुण्यास ठाणें करून राहिलेले स्कॉटिश मिशनरी वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार मानणारे होते. त्यांच्या मतें कोण तरणार हें देवाच्या अनादि संकल्पांत ठरलेलें असतें. उलट मेथडिस्टांचा मूळ पुरुष जॉन वेस्ली यानें १७३९मध्येंच या मताविरुद्ध प्रखर प्रवचन केलें होतें. देवाची कृपा सर्वांसाठीं मोकळी आहे, मात्र मनुष्यास ती झिडकारतां येते, असा त्याचा पक्ष. पहिल्या मतांत देव सार्वभौम राहतो, परंतु त्याच्या वाट पाहण्यास फारसा अर्थ उरत नाहीं. दुसऱ्यांत वाट पाहण्यास अर्थ येतो, पण ती व्यर्थ जाण्याचा धोकाही येतो. आजवर ही अडचण कोणी पुरती सोडविलेली नाहीं.

महाराष्ट्रीय पंडितांनीं मिशनऱ्यांस जे आक्षेप घेतले त्यांत हाच आक्षेप सर्वांत मर्मभेदी होता. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथास उत्तर म्हणून काशींतील कोंकणस्थ तरुण नीलकंठ गोरे यानें १८४४च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. कर्मसिद्धांतांत जीवास जन्मोजन्मीं सुधारण्यास वाव आहे; एकाच जन्मावर अनंतकाळचा नरक लादणारा देव न्यायी कसा, असा त्याच्या विचाराचा रोंख होता. आणि ज्यांच्या कानीं ख्रिस्ताचें नांवच पडलें नाहीं, त्यांचा अपराध तो कोणता? पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आधारें मिशनरी उत्तर देत कीं, ज्यांस नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांचा न्याय त्यांच्या विवेकबुद्धीप्रमाणें होईल. उत्तर वाजवी आहे. पण ज्याचे आईबाप जुन्या श्रद्धेंत वारले त्याच्या मनास तें पुरतें पटतेंच असें नाहीं. विशेष हें कीं, हा आक्षेप घेणारा नीलकंठ १८४८त स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. तथापि शंकांनीं त्याची पाठ सोडिली नाहीं. अखेरपर्यंत, १८९५त मुंबईस देह ठेवीपर्यंत, त्याचें मन स्वतःशींच वाद घालीत राहिलें. रमाबाईंच्या मनावर ज्या थोड्या माणसांच्या शब्दांचा खोल परिणाम झाला त्यांत हे फादर गोरे होते.

रमाबाई स्वतः काय सहज वश झाल्या? त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई हीं दोघेंही दुष्काळांत, तीर्थाटन करीत असतां, उपासमारीनें गेलीं. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाईंनीं कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, पण तेथील भगिनी-मठाच्या अधिकाराखालीं त्यांनीं मान तुकविली नाहीं. त्रैक्याच्या तत्त्वावर त्या निर्भयपणें वाद घालीत. माझी सदसद्विवेकबुद्धि मी कोणाच्या हवालीं करणार नाहीं, हा त्यांचा बाणा होता. पुढें त्यांनींच कबूल केलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आणि तो मिळण्यास बाप्तिस्म्यानंतर आणखी आठ वर्षें लागलीं. तेव्हां देवाची सहनशीलता हा त्यांना पुस्तकांतला विषय नव्हता. १८९३त सदनांतील मुलींवर ख्रिस्ती वळण पडतें म्हणून पुण्यांत गिल्ला झाला, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, पालकांनीं बऱ्याच मुली काढून नेल्या. त्या पालकांची बाजू केवळ हटवादाची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. शाळा धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर त्यांनीं मुली पाठविल्या होत्या. लोणावळ्याची प्रार्थना या प्रकरणानंतर थोडक्याच वर्षांत झाली हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिची धार कळते.

याच मंडळींत पूर्वीं होऊन गेलेला जॉर्ज बोवेन हा अमेरिकन गृहस्थही येथें आठवतो. तरुणपणीं तो कट्टर नास्तिक होता. प्रेयसीच्या मृत्यूनंतर तो श्रद्धेकडे वळला, १८४८त मुंबईस आला, देशी वस्तींत फकिरासारखा राहिला आणि चाळीस वर्षें रस्त्यांवर व समुद्रकांठीं उपदेश करीत राहिला. १८५७च्या पूर्वार्धांत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं समुद्रतीरीं मिशनऱ्यांशीं जे गाजलेले वाद केले, त्यांची हकीकत ग्रंथरूपानें बोवेननेंच प्रसिद्ध केली. इतक्या वर्षांत त्याच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेलीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं. नाकारणारांस तो शिव्याशाप देत बसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाऊन उभा राही.

लोणावळ्याजवळ कुरवंड्याकडे उगम पावणारी इंद्रायणी पुढें देहूवरून आळंदीस जाते. तिच्या कांठच्या वारकऱ्यास वाट पाहणारा देव नवा नव्हता. पुंडलीक आईबापांच्या सेवेंत गुंतला होता, त्यानें देवाकडे वीट फेंकली, आणि देव तिच्यावर युगानुयुगें उभा राहिला. त्या उभें राहण्यास मुदत नाहीं आणि शिक्षेची धमकीही नाहीं. अंजिराच्या झाडाशीं कुऱ्हाड घेऊन उभा असलेला धनी आणि विटेवरचा विठ्ठल या दोन चित्रांमधलें अंतर मिशनऱ्यांनीं पुष्कळदां ओळखलेंच नाहीं. तें ओळखलें तुकोबांच्या वाणीवर पोसलेल्या नारायण वामन टिळकांनीं.

टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं मात्र साफ नाकारलें. घर मोडलें, त्या नातलगांच्या आसऱ्यास गेल्या, कांहीं काळ पंढरपुरासही राहिल्या. टिळकांचा स्वभाव तापट, पण या एका बाबतींत त्यांनीं सक्ती केली नाहीं. पुढें नगरास दोघें जवळ आलीं तरी बाईंचें सोंवळें, स्वयंपाकपाणी वेगळेंच राहिलें. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांचा त्यांनींच एके दिवशीं मनांत सोडविला, आणि १९००मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मधलीं पांच वर्षें कशीं गेलीं हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत, टिळकांची आणि स्वतःचीही थट्टा करीत, सविस्तर लिहून ठेविलें आहे.