दहाचा एक : शेअर एकत्रीकरणाची कुळकथा

‘रिव्हर्स स्प्लिट’, म्हणजे शेअर एकत्रीकरण, म्हटलं की आज डबघाईला आलेली, भाव सावरायला धडपडणारी कंपनी डोळ्यांसमोर येते. जन्माच्या वेळी मात्र या प्रकाराला असला काही डाग नव्हता. इंग्लंडच्या 1862 च्या कंपनी कायद्याने कंपन्यांना लहान शेअर एकत्र करून मोठ्या रकमेचे करण्याची मुभा दिली. मोठ्या शेअरचे लहान तुकडे पाडण्याची परवानगी मात्र 1867 उजाडल्यावर मिळाली. जोडणं आधी, फोडणं नंतर! त्या काळी मोठ्या रकमेचा शेअर हे भारदस्तपणाचं लक्षण होतं. 1855 च्या कायद्यात तर शेअर किमान 10 पौंडांचा हवा अशी अटच होती. आपल्या मुंबईतही बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा शेअर 5,000 रुपयांचा होता. 1865 च्या शेअर बाजारातल्या पडझडीत त्यानेच कित्येकांना धुळीला मिळवलं. पुढच्याच वर्षी, 1866 साली, इंग्लंडच्या धर्तीवर हिंदुस्थानचा कंपनी कायदा आला.

आपल्याकडे आज 2013 च्या कायद्याचं 61 वं कलम लागू आहे. समजा, तुमच्याकडे 1 रुपया दर्शनी मूल्याचे 137 शेअर आहेत, बाजारभाव 4 रुपये, म्हणजे ऐवज 548 रुपयांचा. दहाचा एक झाला की 10 रुपये दर्शनी मूल्याचे 13 शेअर हाती येतात, 40 रुपये भावाने 520 चे. उरलेल्या 7 शेअरचा अपूर्णांक होतो. सगळ्यांचे असे अपूर्णांक सहसा एका विश्वस्ताकडे गोळा करून विकतात आणि पैसे ज्याचे त्याला वाटतात. तुमचे साधारण 28 रुपये असे परत येतात. कागदावर कोणाचं काही वाढत नाही, कोणाचं काही जात नाही.

मग छोट्या भागधारकाच्या पोटात गोळा का येतो? त्याचं उत्तर अमेरिकेत सापडतं.

तिथे या अपूर्णांकाचंच हत्यार झालं. 600 शेअरचा 1 करायचा, ज्याच्याकडे 600 पेक्षा कमी त्याच्या हातावर रोख रक्कम ठेवायची आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा. शिकागो टायटल अँड ट्रस्ट कंपनीचं असंच 600 ला 1 प्रकरण इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1974 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आपल्या 2013 च्या कायद्यात मात्र एक मोलाची अट आहे : एकत्रीकरणामुळे मतदानाच्या टक्केवारीत फरक पडणार असेल, तर न्यायाधिकरणाची मंजुरी मिळाल्याशिवाय ते अमलात येत नाही.

दुसरं वळण नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजाराच्या एक डॉलरच्या नियमाने दिलं. भाव सलग 30 कामकाजाचे दिवस 1 डॉलरखाली राहिला की नोटीस येते आणि सुधारणेसाठी 180 दिवस मिळतात. धंदा सहा महिन्यांत सुधारत नाही; शेअर एकत्र करणं मात्र एका ठरावाचं काम. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर हा नियम काही महिने स्थगित ठेवावा लागला, इतक्या कंपन्या त्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती होती. आपल्याकडे भावाची अशी किमान अट नाही, म्हणून पैशांत विकले जाणारे शेअरही बाजारात टिकून राहतात आणि एकत्रीकरणं क्वचितच होतात.

या वाटेवरचं एक वाईट टोक म्हणजे ड्रायशिप्स ही ग्रीक जहाज कंपनी. मार्च 2016 ते जुलै 2017 या काळात तिने 8 वेळा शेअर एकत्र केले : 25 ला 1, 4 ला 1, 15, 8, 4, 7, 5 आणि पुन्हा 7 ला 1. गुणाकार करून बघा. सुरुवातीचे 1,17,60,000 शेअर मिळून शेवटी 1 शेअर उरतो. आणि मधल्या काळात कंपनी नवे शेअर विकतच होती. खरा घाव तिथे बसतो. अमेरिकेत कंपनीच्या सनदेत जास्तीत जास्त किती शेअर काढता येतील तो आकडा असतो. एकत्रीकरणात तो तसाच ठेवला, तर नवे शेअर काढायला प्रचंड जागा मोकळी होते आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत जातो. आपल्याकडे अधिकृत भांडवल रुपयांत असतं आणि दर्शनी मूल्य त्याच पटीत वाढतं, त्यामुळे ही पळवाट आपोआप उघडत नाही.

उलट उदाहरणंही आहेत. प्राइसलाइनने 2003 मध्ये सहाचा एक केला आणि 2013 मध्ये तिचा शेअर 1,000 डॉलरच्या वर गेला. तो हॉटेल बुकिंगच्या धंद्याचा पराक्रम. एकत्रीकरणाने फक्त आकडा बदलला होता.

म्हणून माझं मत असं : एकत्रीकरण स्वतः मारत नाही, पण तोट्यातल्या छोट्या कंपनीत ते बहुधा पुढच्या शेअरविक्रीची तयारी असते. नॅसडॅकलाही हे पटलेलं दिसतं. जानेवारी 2025 मध्ये मंजूर झालेल्या नियमानुसार, वर्षभरात एकत्रीकरण करून पुन्हा 1 डॉलरखाली घसरलेल्या कंपनीला सवलतीचे दिवस मिळत नाहीत.

तुमच्या कंपनीकडून असा ठराव आला, तर ई-मतदानाआधी त्यासोबतचं स्पष्टीकरण वाचा. अपूर्णांकांचं काय होणार, आणि त्याच सभेत अधिकृत भांडवल वाढवण्याचा किंवा प्राधान्याने शेअर देण्याचा आणखी ठराव आहे का, हे तपासा. असला, तर दोन्ही ठराव एकत्र वाचून मगच मत द्या.