कारागीर मुलांचे वाटाडे

सुतारकाम हें प्रभु येशूच्या घरचें काम. हाताच्या श्रमास कोणी हलकें मानूं नये. परंतु हुन्नर शिकविणें निराळें आणि शिकलेल्यास योग्य ठिकाणीं लावून देणें निराळें.

ट्युरिन शहरीं संत जॉन बॉस्को यांनीं हा भेद ओळखिला. ता. ८ फेब्रुवारी १८५२ रोजीं एका मुलास सुताराकडे उमेदवार ठेवितांना त्यांनीं स्टँपच्या कागदावर करार करविला : उस्तादानें दोन वर्षें धंदा शिकवावा, धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत, चुकल्यास शब्दांनीं सुधारावें, मारूं नये, रविवारीं व सणावारीं सुटी द्यावी.

आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैद्राबाद संस्थानांत होता. १९५० सालीं भारत सरकारनें शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना आरंभिली; पुढें या जिल्ह्यांतही औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें नोंदलेला करार व विद्यावेतन उमेदवाराच्या पदरीं घातलें. तथापि येथें कारखाने थोडे. फिटर वा वीजतंत्री झालेल्या पुष्कळ मुलांस पुण्याची वाट धरावी लागते. तेथें कोणत्या अटींवर काम धरावें, कोठें राहावें, हें सांगणारा न भेटल्यास प्रमाणपत्र पेटींत राहतें व मुलगा हमालीस लागतो.

या महोत्सवी वर्षीं आमची विनंती इतकीच, कीं शहरीं नोकरीस असलेल्या आमच्या प्रत्येक धर्मग्रामस्थानें निदान एका मुलाचा करार वाचून पाहावा, मालकाची चौकशी करावी व त्यास जवळचें चर्च दाखवावें.